'जत्रा' म्हणालो, पण तुच्छतेने नव्हे

अमेरिकेच्या केंटकी राज्यात केन रिजला १८०१ साली झालेल्या मोठ्या ख्रिस्ती सभेवर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुमचे आक्षेप तीन: मी या संजीवन सभेला (श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या सभेला) 'जत्रा' म्हणून हिणवलं, पंचवीस हजारांच्या गर्दीचा आकडा फुगवला, आणि तिथे माणसं कुत्र्यासारखी भुंकत होती हे मुद्दाम दडवलं.

आकड्याबाबत तुमचं बरोबर आहे. १८०० साली लेक्सिंग्टन हे केंटकीतलं सगळ्यात मोठं गाव, आणि त्याची वस्ती जेमतेम अठराशे. ऑगस्ट १८०१ च्या सभेचे यजमान पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) बार्टन स्टोन आत्मचरित्रात वीस ते तीस हजार लोक होते म्हणतात, पण तेही तिथे हजर असलेल्या लष्करी मंडळींच्या अंदाजावरून. झाडीत विखुरलेली, येणारी-जाणारी माणसं मोजणार कोण आणि कशी? मी आकडा छातीठोकपणे लिहायला नको होता.

भुंकण्याचं मात्र दडवलं नाही, जागेअभावी गाळलं. लोक धाडकन कोसळायचे, तासन्‌तास निपचित पडायचे, काहींची मान मागेपुढे हिसके खायची, हे स्टोन स्वतःच लिहितात. आपल्याकडे अंगात येणं पाहिलेल्याला याचं फार नवल वाटू नये. भुंकण्याची गोष्टही तेच सांगतात. पूर्व टेनेसीतला एक म्हातारा पाळक एकांतात प्रार्थनेला रानात गेला. तिथे त्याला हिसके सुरू झाले. पडू नये म्हणून त्याने शेजारचं कोवळं झाड धरलं. मान मागे गेली, तोंड वर झालं आणि घशातून भुंकल्यासारखा आवाज निघाला. नेमका तिथून एक टवाळ जात होता. त्याने गावभर केलं, 'पाळकबुवा झाडाकडे बघून भुंकत होते!' हिसक्यासरशी असा आवाज इतरांच्याही तोंडून निघायचा, हे स्टोन नाकारत नाहीत. पण त्याला 'भुंकणं' हे नाव पडलं ते असं.

आता 'जत्रा'. तुम्ही म्हणता, हा उघड्यावरचा अमेरिकी तमाशा. पण हे मूळचं स्कॉटलंडचं. तिथल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळ्यांत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, क्वचितच व्हायचं, म्हणून ते कित्येक दिवस चालायचं: आधी उपास, मग तयारीचे संदेश (प्रवचनं), रविवारी प्रभुभोजनाचं मेज, सोमवारी उपकारस्तुती. पाळक आणि मंडळीतले वडीलधारे पुढारी चौकशी करून पात्र माणसाला शिशाचा छोटा बिल्ला द्यायचे. तो दाखवल्याशिवाय मेजावर बसता येत नसे. आसपासच्या गावांतून लोक लोटायचे, देवळात मावायचे नाहीत, मग संदेश उघड्यावर. ग्लासगोजवळच्या कॅम्बसलँगला १७४२ मध्ये टेकडीच्या उतारावर अशीच अफाट गर्दी झाली होती. त्याच परंपरेतल्यांनी ही रीत केंटकीत नेली. तिथे घरं लांब लांब, म्हणून लोक गाडी, अंथरूण-पांघरूण, शिधा घेऊन मुक्कामालाच आले. केन रिजची सभाही प्रभुभोजनासाठीच बोलावलेली होती. लाकडी ओंडक्यांचं ते प्रार्थनाघर आजही उभं आहे.

आणि सहा-सात दिवसांनी ती सभा मोडली ती कुणी थांबवली म्हणून नव्हे. एवढ्या लोकांना पुरेल इतका दाणागोटाच आसपास उरला नव्हता. याला मी जत्राच म्हणतो, आणि माझ्या तोंडी तो शब्द हलका नाही.

मूळ लेखातला आकडा आज दुरुस्त केला आहे. म्हाताऱ्या पाळकाची गोष्टही घातली आहे. शीर्षक तेच ठेवलं आहे.