खिचडी म्हणालात म्हणून जरा सविस्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा डोकंच फिरलेलं, म्हणून तेव्हा उत्तर द्यायचं टाळलं. गेइनोह यामाशिरोगुमी ह्या जपानी संगीत-ग्रुपवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की थोडं बालीचं, थोडं बल्गेरियाचं, थोडं जॉर्जियाचं असं उचलून केलेली, कुठलीच शुद्ध परंपरा नसलेली ही खिचडी आहे, तीही हौशी लोकांनी शिजवलेली, आणि मी त्यांनी संगीत दिलेल्या 'अकिरा' ह्या जपानी अ‍ॅनिमेशनपटाच्या प्रेमात पडून तिला पंचपक्वान्न म्हणतोय. शिवाय जेगोगला मी जपानी ढोल म्हटलंय ते चूक, आणि ऐकू न येणाऱ्या आवाजांचा मेंदूवर परिणाम वगैरे सगळ्या थापा.

आधी जेगोग, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर. जेगोग बालीचा, पश्चिमेकडच्या जेंब्राना भागातला, आणि ढोल तर अजिबातच नाही, भल्यामोठ्या बांबूच्या नळ्या ठोकून वाजवतात. लेखात दुरुस्ती केलीये. आणि ही चूक साधी नाहीये हेही कबूल, कारण १९८८ साली 'अकिरा' आला, त्यातल्या मोटरसायकलींच्या पाठलागासोबत तो बांबूचा आवाज जगभर पोचला आणि माझ्यासारखे लोक वा काय जपानी आवाज आहे म्हणत बसले, बालीचं नावच नाही कुणाच्या तोंडी. तुमचा राग ह्याच्यावर असेल तर तो मला मान्य आहे.

पण 'उचललं' हे नाही पटत. १९७४ ला हा ग्रुप सुरू झाला, शोजी यामाशिरो हे त्यांच्या म्होरक्याचं संगीतातलं नाव, खरं नाव त्सुतोमु ओहाशी, शेतीविषयात डॉक्टरेट घेतलेला शास्त्रज्ञ माणूस. बाकी मंडळी म्हणजे विद्यार्थी, डॉक्टर, इंजिनियर, पत्रकार, शेकडो जण, गाण्यावर पोट कुणाचंच नाही. ह्या लोकांनी त्याच वर्षी बालीचा केचक अख्खा बसवला. केचक म्हणजे एकात एक गोल करून बसलेले पुरुष, वाद्य एकही नाही, नुसतं तोंडाने चक-चक-चक, आणि गंमत अशी की एकेकट्याचे ठोके ऐकले तर काहीच अर्थ लागत नाही, तुझा ठोका माझ्या मोकळ्या जागेत आणि माझा तुझ्या, असं सगळ्यांचं मिळून एक अंगावर येणारं काहीतरी तयार होतं, आणि मध्ये रामायण चाललेलं असतं, ही मंडळी म्हणजे वानरसेना. आता हे उचलणार कसं? शंभर माणसांना महिनोन् महिने एकत्र बसून घोटावंच लागतं. १९७६ पासून टोकियोत शिंजुकूच्या उंच इमारतींमधल्या एका चौकात ते उन्हाळ्यात केचक करत आलेत. ऑफिस सुटल्यावर पुलाखाली ढोल-ताशाची प्रॅक्टिस करणारी पुण्यातली पोरं पाहिली असतील तुम्ही, त्यांना हौशी म्हणून कमी लेखाल का?

आणि शुद्ध परंपरा म्हणालात, तर हा केचकच आजच्या रूपात १९३० च्या दशकातला आहे. अंगात येण्याच्या जुन्या विधीतला पुरुषांचा कोरस घेतला, त्यावर रामायण चढवलं, आणि त्यात बालीच्या कलाकारांबरोबर तिथे राहणाऱ्या वॉल्टर स्पीस नावाच्या जर्मन चित्रकाराचाही हात होता. 'अकिरा'त जे बौद्ध पठण आहे, शोम्यो, तो शब्द म्हणजे आपल्या 'शब्दविद्या'चं जपानी भाषांतर. कुठून सुरू करायचं शुद्ध शोधायला?

आता खिचडीचं. खिचडीत सगळं शिजून एकजीव होतं, बरोबर? ह्यांनी नेमकं उलटं केलंय. गमेलानमध्ये, म्हणजे बालीच्या धातूच्या वाद्यांच्या ताफ्यात, जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावतात, दोन्ही एकदम वाजली की आवाज लाटेसारखा हेलकावतो, बालीत त्याला ओम्बाकच म्हणतात, म्हणजे लाट. हे सूर पियानोच्या बारा पट्ट्यांत बसत नाहीत. ८० च्या दशकात ह्यांनी सिंथेसायझर आणले तर ते मशीन त्या बारा पट्ट्यांचंच, दुसरा कुणी असता तर गमेलानलाच जरा सरळ करून घेतलं असतं. (आपल्याकडचे किती फ्युजनवाले हेच करतात, नावं नको घ्यायला.) ह्या लोकांनी स्वतः प्रोग्रामिंग शिकून मशीनला गमेलानच्या सुरात आणलं, त्यातून १९८६ चा 'एकोफोनी रिन्ने' हा अल्बम झाला, आणि तो ऐकून 'अकिरा'चा दिग्दर्शक ओतोमोने ह्यांना 'अकिरा'साठी गाठलं. मला आवडतं ते हेच, की मिसळायच्या आधी समोरच्याचा सूर वाकवला नाही.

मेंदूवाल्या भागाबद्दल, ओहाशींचा २००० सालचा पेपर आहे, चांगल्या जर्नलमधला, पण त्यावर शंका घेणारे संशोधकही आहेत आणि मी ते सिद्ध झाल्यासारखं लिहिलं होतं. तेवढं बदलतो.

तुम्ही फक्त 'अकिरा'च ऐकलाय असं प्रतिक्रियेवरून वाटलं. एकदा ह्यांचा १९७६ चा 'ओसोरेझान' हा अल्बम ऐका, मग भांडू अजून. फक्त हेडफोनचा आवाज आधी कमी करून ठेवा, सुरुवातीलाच किंकाळी आहे.