आरसीसीबी ‘डायरेक्ट’ करू नका

गेल्या आठवड्यात आत्याकडे गेलो होतो. मीटरच्या पेटीत बघतो तर आरसीसीबीला, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्याला, वळसा घालून वायर सरळ पलीकडे जोडलेली. विचारलं तर आत्या म्हणाली, “पावसात सारखा खटका पडत होता. ग्रुपवर आलं होतं ना, म्हणून डायरेक्ट करून घेतला.”

ग्रुपवरचा तो मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आलाय. त्याचं म्हणणं असं: 2023 च्या नव्या नियमांनी आरसीसीबी लादला तो कंपन्यांचा माल खपावा म्हणून, एमसीबी (वायरवर जादा भार आला की पडणारा साधा खटका) असला की पुरे, आरसीसीबीने बिल वाढतं, रबरी चप्पल घातली की धक्का बसत नाही, अर्थिंग नसेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडा, आणि लाइनमन चालू तारांवर हाताने काम करतात, मग घरात एवढी भीती कशाला.

‘एमसीबी पुरे’ हे सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. घरातला 16 अँपिअरचा एमसीबी वायरमधून 16 अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ लागला तर पडतो. ओल्या हाताने फेजला स्पर्श झाला आणि शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला, तर 230 व्होल्टला अंगातून साधारण 150 मिलीअँपिअर जातात. एवढा करंट चाळीस वॅटचा बल्बही घेतो. बल्ब लावल्यावर एमसीबी पडतो का? मग माणूस चिकटल्यावर तो का पडेल? आणि हृदयाची लय बिघडायला यापेक्षा कितीतरी कमी करंट पुरतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून बघतो. घरगुती आरसीसीबीत 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तुटतो. आत्याच्या घरातून नेमकं हेच काढून टाकलं. त्या घरात दोन लहान नातवंडं आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा अलीकडे दरवर्षी बारा हजारांच्या वर असतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी तो एकदा उघडून बघावा.

‘कंपन्यांचा डाव’ म्हणे! 1956 च्या भारतीय वीज नियमांतल्या 61-अ मध्येही गळतीरोधक उपकरणाची, म्हणजे आरसीसीबीसारख्याच खटक्याची, अट होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने तीच पुढे 2010 च्या आणि 2023 च्या नियमांत आणली. आधी 5 किलोवॅटखालची घरं सुटायची, आता 2 किलोवॅटखालची सुटतात. माझी तक्रार उलट आहे. पत्र्याची खोली, एक पंखा, एक मिक्सर, ओली जमीन आणि उघडी वायर अशा घराचा भार 2 किलोवॅटच्या आतच असतो. तिथेच हे उपकरण सर्वांत आधी हवं, आणि नियम तिथेच थांबतो.

न्यूट्रलला अर्थ जोडण्याचा सल्ला ज्याने दिला त्याला न्यूट्रल तुटल्यावर काय होतं हे माहीतच नाही. त्या क्षणी चालू उपकरणातून फेज उलटा फिरून फ्रिजच्या, वॉशिंग मशिनच्या पत्र्यावर येतो. हे कुणी केलं असेल तर आजच काढा.

बिल वाढत नाही. रबरी चप्पल ओली असली, किंवा दुसरा हात नळावर असला, की तिचा भरवसा संपला.

लाइनमनचं मात्र वाचून संताप आला. काम सुरू करण्याआधी लाइन बंद करणं, परमिट घेणं, तारा अर्थ करणं, हातमोजे घालणं हे सगळं नियमात आहे. यातलं काहीच न करता खांबावर चढवला जातो तो गावातला ‘झिरो वायरमन’, ज्याचं नाव कुठल्याच पगारपत्रकावर नसतं. तो भाजला तर भरपाई कुणाकडे मागायची? त्याचं मरण स्वस्त झालंय, ते घरातल्या निष्काळजीपणाचा दाखला म्हणून वापरायचं?

एक गोष्ट खरी आहे, मान्य करतो. पावसात आरसीसीबी सारखा पडतो, फार वैताग येतो. जुन्या इमारतीत दोन लाइनींचा न्यूट्रल एकत्र झालेला असला तरीही पडतो. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, जमिनीकडे गळतीच नसली, तर तो वाचवू शकत नाही. पण पावसात पडतो तो कुठेतरी पाणी शिरलंय म्हणून.

आत्याकडे माझा संशय फाटकावरच्या दिव्याच्या डब्यावर आहे. डायरेक्टची वायर मी त्याच दिवशी काढायला लावली. रविवारी परवाना असलेला वायरमन येतोय. तोवर फाटकाची लाइन बंद आहे. ती बंद केल्यापासून दोन मोठे पाऊस झाले, खटका पडलेला नाही.