म्हणे अफवेवरून बायकांनी दंगल केली!

ती फॉरवर्ड परत फिरतेय. 1929 साली दक्षिण-पूर्व नायजेरियात बायकांवर टॅक्स बसणार अशी नुसती अफवा उठली, अडाणी बायका बिथरल्या, दंगल झाली, आणि इंग्रज सरकारला नाइलाजाने गोळ्या घालाव्या लागल्या. अरे बाबांनो.

आधी अफवेचं बघू. बायकांवर टॅक्स लावायचं ठरलेलं नव्हतं, हे मान्य. पण 1926 ला पुरुषांची मोजणी झाली तेव्हा ती टॅक्ससाठी आहे हे लोकांना सांगितलंच नव्हतं, आणि 1928 ला पुरुषांकडून वसुली सुरू. मग पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात ओलोको गावात वॉरंट चीफ (इंग्रजांनी नेमलेला गावप्रमुख) ओकुगोचा माणूस, पेशाने मास्तर, न्वान्येरुवा या बाईच्या दारात येतो, ती पामतेल काढत बसलेली, आणि म्हणतो तुझ्या शेळ्या-मेंढ्या नि घरातली माणसं मोज. तिने काय समजायचं? तिने उलट विचारलं, तुझ्या आईला मोजलं का? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला अडाणीपणा म्हणत नाहीत.

आता 'दंगल'. तिथल्या इग्बो समाजातल्या बायकांची जुनीच रीत होती, ज्याने अन्याय केला त्याच्या घरासमोर सगळ्यांनी जमायचं, नाचायचं, टोचणारी गाणी म्हणायची, तो माफी मागेपर्यंत हलायचं नाही. ओकुगोच्या दारात तेच झालं. पुढे गावोगाव पामच्या पानांनी निरोप गेले आणि हजारो बायका निघाल्या, हे काय डोकं फिरलेल्या गर्दीचं काम आहे? मोडतोड झाली, हो, पण मुख्य राग नेटिव्ह कोर्टांवर (इंग्रजांनी उभी केलेली स्थानिक न्यायालयं) आणि वॉरंट चीफांवर होता. हे चीफ गावाने निवडलेले नव्हते, इंग्रजांनी कागद देऊन बसवलेले, आणि बरेचसे लाच खाणारे. त्यात पामतेलाचे भाव पडलेले, बाहेरून येणारा माल महाग झालेला. टॅक्सची भीती ही फक्त शेवटची काडी होती.

आणि 'नाइलाज' ऐकून तर हसावं का रडावं कळेना. पन्नासच्या वर बायका मेल्या, त्यातल्या तीसेक एकट्या ओपोबो या ठिकाणी, 16 डिसेंबरला सैनिकांनी गोळ्या घातल्या तेव्हा. बायकांच्या हातून किती गोरे मेले? एकही नाही.

एवढं करून त्या फॉरवर्डमध्ये ओकुगोचं नावच नाही, बायकांच्या दबावाखाली इंग्रजांनीच त्याला खुर्चीवरून उतरवून तुरुंगात टाकलं होतं.