जागतिक शांततेची संस्था काढताय? मग ही पथ्यं पाळा

सर्वांत आधी, संस्थेची कल्पना ज्याची, त्याच्याच घरच्यांना ती नापसंत असू द्या. पहिल्या महायुद्धानंतर निघालेल्या राष्ट्रसंघासाठी (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था) अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी पॅरिसमध्ये जिवाचं रान केलं, शांततेचं नोबेलही पटकावलं, आणि राष्ट्रसंघाचा करार ज्यात होता तो व्हर्सायचा तह त्यांच्याच सिनेटने फेटाळला; अमेरिका बाहेरच राहिली. गंमत म्हणजे १९२० च्या पहिल्या आमसभेचं बोलावणं, करारात तसं कलमच असल्यामुळे, विल्सन यांच्याच नावाने निघालं. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून ज्याचं नाव, पंगतीत त्याच्याच घरचं पान नाही!

सदस्य करून घेताना मात्र हात आखडता नको. भारत राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता, हे शाळेत कुणी सांगितलं नसेल. स्वतःच्या घरात हुकूम गोऱ्या साहेबाचा, पण राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात, जिनिव्हात, आपली खुर्ची होती आणि वर्गणीची पावतीही आपल्याच नावाची.

महत्त्वाचे ठराव एकमतानेच होतील असा नियम करा. फौज ठेवू नका. फौज असली की ती वापरण्याचा धर्मसंकटात टाकणारा प्रश्न येतो.

आता खरी मेख. भांडणं पारखून घ्या. दोन्ही पक्ष किरकोळ अंगाचे असले पाहिजेत. १९२५ मध्ये सीमेवर एक ग्रीक शिपाई मारला गेला (पळालेल्या कुत्र्यामागे तो धावला होता, अशी कथा सांगतात) आणि ग्रीसने बल्गेरियात सैन्य घुसवलं. राष्ट्रसंघाने डोळे वटारले, सैन्य मागे गेलं, ग्रीसने ४५,००० पौंड भरपाई मोजली. वा! पण त्याआधी दोनच वर्षं, ग्रीसच्या हद्दीत एका इटालियन सेनापतीचा खून झाला म्हणून इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याने ग्रीसच्या कोर्फू बेटावर तोफा डागल्या. तिथल्या जुन्या किल्ल्यात आसरा घेतलेले निर्वासित मेले. तेव्हा भरपाई कुणी दिली? ग्रीसनेच, ५ कोटी लिरा. घुसला तरी ग्रीस, मार खाल्ला तरी ग्रीस. हिशेब सोपा ठेवला की कारकुनांनाही बरं पडतं.

आरोपी दांडगा निघालाच तर चौकशी समिती नेमा आणि तिला सावकाश जाऊ द्या. जपानने सप्टेंबर १९३१ मध्ये चीनच्या मांचुरिया प्रांतात हातपाय पसरले. आधी बंगालचे गव्हर्नर राहिलेल्या लॉर्ड लिटन यांच्या समितीचा अहवाल बाहेर आला ऑक्टोबर १९३२ मध्ये. तोवर तिथे जपानचं बाहुलं राज्य थाटून झालं होतं. फेब्रुवारी १९३३ मध्ये अहवालाच्या बाजूने ४२ मतं पडली, विरुद्ध एक. त्या एकाने कागद आवरले आणि सभागृह सोडलं. मांचुरिया नाही सोडला.

निर्बंध घालायची पाळी आली तर यादी नीट करा. १९३५ च्या ऑक्टोबरात इटली ॲबिसिनियावर (आजचा इथिओपिया) चालून गेला. (त्याच वर्षाच्या सुरुवातीला जर्मनी-फ्रान्स सीमेवरच्या सार प्रदेशातल्या सार्वमतात शांतता राखायला राष्ट्रसंघाने जी आंतरराष्ट्रीय फौज पाठवली, तिच्यात १,३०० इटालियन जवान होते. अनुभव वाया जात नाही.) मग इटलीला काय काय विकायचं नाही ते ठरलं: घोडे, खेचरं, गाढवं, उंट, रबर, कथील. तेल? छे, तेलाने इटली चिडला असता. सुएझ कालवाही उघडाच; इटलीची जहाजं पट्टी भरून रीतसर पलीकडे जात होती.

आणि हातून चुकून भलं काम झालंच, तर गाजावाजा नको. राष्ट्रसंघाने कामाला लावलेले नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी तुटपुंज्या पैशांत चार लाखांहून अधिक युद्धकैदी घरी पोचवले. ज्यांना देशच उरला नव्हता, त्यांच्या हातात १९२२ पासून ओळखीचा कागद दिला. ऑलंड बेटांचा फिनलंड-स्वीडन वाद असा सुटला की आजवर तिथे शांतता आहे. पण यात ना तोफा, ना सभात्याग. कोण वाचणार?

३० जून १९३६ ला देश गमावलेला ॲबिसिनियाचा सम्राट हैले सेलासी जिनिव्हात बोलायला उभा राहिला, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना बाहेर काढलं गेलं. शिस्त म्हणजे शिस्त. काही दिवसांतच निर्बंधही काढले. खेचरं मोकळी झाली.

इमारत मात्र ऐसपैस आणि दगडी बांधा. त्याच वर्षी राष्ट्रसंघाचं बिऱ्हाड सरोवराकाठच्या नव्या प्रासादात हललं होतं. १९४६ मध्ये संस्था मोडीत निघाली. प्रासाद संयुक्त राष्ट्रांनी घेतला, तिथे अजूनही बैठका भरतात.