चुका आपोआप शिकवत नाहीत, निदान पाण्यावर तरी

सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये एप्रिल ते सप्टेंबर या काळात आठवड्यातल्या कुठल्या ना कुठल्या संध्याकाळी कुठल्या तरी क्लबची शिडाच्या बोटींची शर्यत असतेच. ऑफिस सुटल्यावर सुरू आणि अंधार पडायच्या आत आटोपलेली. जूनमध्ये इथे सूर्य साडेआठनंतर मावळतो म्हणून हे जमतं. मुंबईत तेव्हा सव्वासातलाच मावळतो, शिवाय पावसाळ्यात शिडं गुंडाळून ठेवलेली असतात, त्यामुळे तिकडच्या मंडळींच्या नशिबी ही चैन नाही. इथल्या बोटींना माणसांचा कायम तुटवडा, म्हणून नवख्यालाही सहज जागा मिळते. बे एरियातली आपली बरीच मराठी मुलं-मुली अशाच एखाद्या शुक्रवारी पहिल्यांदा बोटीवर चढतात.

आणि चढल्या दिवसापासून त्यांना एकच उपदेश ऐकू येतो. थोडक्यात तो असा: चूक हाच गुरू, जितक्या जास्त शर्यती तितक्या जास्त चुका आणि तितकं जास्त शिक्षण, या 'बिअर कॅन', म्हणजे हौसेच्या शर्यती आहेत, नियमांचं पुस्तक घरी ठेवा, प्रोटेस्ट, म्हणजे नियम मोडल्याची तक्रार, करून रंगाचा बेरंग करू नका, मागे पडलात तर सगळ्यांच्या उलट बाजूला जाऊन बघा, हरण्यासारखं काय आहे, दर आठवड्याला वेगळं काम करा, आणि खरं शिक्षण होतं ते नंतर बारमध्ये, गप्पांत. ऐकायला फार छान. पण वीस-वीस वर्षं दर शुक्रवारी शर्यत करूनही सुरुवातीच्या रेषेवर त्याच जागी तीच चूक करणारे कप्तान प्रत्येक क्लबात भेटतात. चूक हाच गुरू असता तर हे लोक एव्हाना ऑलिंपिकला असते.

"जितक्या शर्यती, तितकं शिक्षण"

यातलं खरं काय ते आधी मान्य करतो. हाताच्या चुका खरोखर शिकवतात. जिबची शीट, म्हणजे पुढच्या शिडाची दोरी, विंचवर (दोरी ताणायच्या फिरत्या पिंपावर) गुंडाळताना नवखा माणूस सैल दोरीलाच एकदम चार वेढे देतो. मग जोरात ओढतो, आणि वरचा वेढा खालच्यावर चढून बसतो. पुढच्या टॅकला बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळतं, पण दोरी सुटत नाही. शीड उलट्या बाजूनं फुगतं, बोट जागच्या जागी थबकते आणि मागून सुकाणूवरचा माणूस ओरडतो. कारण आणि परिणाम दोन्ही दहा सेकंदांत, डोळ्यांसमोर. आधी एक-दोन वेढे, ढील खेचून घ्यायची, ताण आला की मग तिसरा-चौथा, हे त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

पण शर्यत हाताच्या चुकांनी फार थोडी हरली जाते. हरली जाते ती अंदाजाच्या चुकांनी, आणि तिथे हा गुरू चक्क खोटं शिकवतो.

समजा या शुक्रवारी सिटीफ्रंटला, म्हणजे शहराच्या उत्तर किनाऱ्यालगत, शर्यत आहे. वारा पश्चिमेचा, गोल्डन गेटमधून, म्हणजे समुद्र आणि बे जोडणाऱ्या सामुद्रधुनीतून, येणारा. भरती चालू आहे, म्हणजे पाणीही त्याच गेटमधून आत, पूर्वेकडे येतंय. सुरुवातीची रेषा वाऱ्याला आडवी. बंदूक वाजायच्या एक मिनिट आधी तुम्ही रेषेपाशी शिडं फडफडत ठेवून थांबलात. पाणी दीड नॉटनं (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाहत असेल तर त्या एका मिनिटात काहीही न करता तुम्ही जवळपास ४५ मीटर मागे जाता. बंदूक वाजते तेव्हा तुम्ही उशिरा. पाच नॉटच्या वेगानं दहा सेकंदांचा उशीर म्हणजे सुमारे २५ मीटर, २७ फुटी बोटीच्या तीन लांब्या. वर पुढच्या बोटींच्या शिडांनी घुसळलेला, मेलेला वारा तुमच्या वाट्याला. निकाल वाईट लागतो. चुकीतून शिकायचं म्हणून तुम्ही धडा घेता: पुढच्या वेळी लवकर निघायचं.

आता पुढचा शुक्रवार. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती पावणेसहा तासांच्या आसपास सरकते, आणि भरती-ओहोटीतलं अंतर साधारण सहा तासांचं. म्हणजे गेल्या शुक्रवारी ज्या वेळी भरती होती, त्याच वेळी या शुक्रवारी बहुधा ओहोटी असते. पाणी आता तुम्हाला रेषेच्या पलीकडे, वाऱ्याच्या दिशेनं ढकलतंय. तुम्ही शिकलेला धडा इमानेइतबारे पाळून लवकर निघता आणि बंदुकीच्या आधीच रेषा ओलांडता. आधी निघाल्याची खूण असलेला एक्स झेंडा वर जातो, परत फिरावं लागतं, तेही प्रवाहाविरुद्ध.

कोकणात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशेब तिथला तांडेल तोंडी करतो: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सात तिथींत सव्वापाच तासांचा फरक. ते आकडे मुंबईच्या किनाऱ्याचे, इथे चालणार नाहीत. इथल्या दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे हिशेब तंतोतंत बसत नाही. पण आठवड्यानं पाणी उलटतं हे गणित तेच. आणि आपली शर्यत बरोबर आठवड्यानं असते! गेल्या आठवड्याच्या अनुभवावर या आठवड्यात वागणाऱ्याची फजिती करायला याहून सोयीचं वेळापत्रक कोणाला आखता आलं नसतं.

हे फक्त सुरुवातीपुरतंही नाही. ओहोटीचं पाणी पश्चिमेच्या वाऱ्यावर आदळतं तेव्हा आखूड, उभ्या लाटा उठतात. तिथे शिडांना थोडा फुगवटा ठेवून, वाऱ्याला फार न भिडता, जोरानं बोट चालवावी लागते. भरतीत वारा आणि पाणी एकाच दिशेनं जातात, पाणी सपाट असतं, तिथे शिडं ताणून वाऱ्याच्या अधिक जवळ जाता येतं. "गेल्या वेळी शीड फार सैल होतं, या वेळी कस" हा सल्ला म्हणूनच निम्म्या वेळा चुकीचा ठरतो. वरच्या मार्ककडे, म्हणजे वाऱ्याच्या दिशेच्या वळणखुणेकडे, जाणारी लेलाइनही, म्हणजे जिथून आणखी टॅक न मारता मार्क गाठता येतो ती रेषाही, तशीच सरकते. ओहोटीत ती तुम्हाला वाटते त्याच्या बरीच आधी येते, आणि न कळता पुढे गेलात तर ते सगळं अंतर फुकट.

पाणी कुठे चाललंय हे बघायला वीस वर्षं लागत नाहीत. शर्यतीआधी एखाद्या बोयाजवळून (नांगरलेल्या तरंगत्या खुणेजवळून) जा. बोयाच्या एका बाजूला पाणी चढलेलं असतं, दुसऱ्या बाजूला भोवऱ्यांची शेपटी लांबलेली असते. शेपटी ज्या दिशेला, त्या दिशेला पाणी. नोआ या सरकारी संस्थेची गोल्डन गेटच्या प्रवाहाची भाकितं फोनवर फुकट मिळतात. त्यातही एक मेख आहे: प्रवाह किनाऱ्यालगत आधी उलटतो, मध्यभागी नंतर. मध्ये अजून ओहोटी चालू असताना कडेला भरती सुरू झालेली असते. हे आधी वाचलेल्या माणसाला पाण्यावर दिसतं. न वाचलेल्याला "आज नशीब नव्हतं" एवढंच कळतं.

"नियम घरी ठेवा, प्रोटेस्ट म्हणजे रंगाचा बेरंग"

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. कारण इथे चूक नुसती शिकवायची थांबत नाही, तिला बक्षीस मिळतं.

वरचा मार्क डावीकडे ठेवून वळायचा आहे. स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून घेत, पाच-सहा बोटी शिस्तीत रांगेनं येताहेत. एक जण पोर्ट टॅकवर, म्हणजे वारा डावीकडून घेत, येतो, मार्कपासून तीन लांब्यांच्या वर्तुळात शिरतो, रांगेतली फट बघतो आणि तिथेच टॅक मारून घुसतो. मागच्या बोटीला धडक टाळायला वाऱ्यात अजून वर चढावं लागतं, तिचा वेग मरतो. नियम १८.३ नेमका याच प्रसंगासाठी आहे, आणि तो या घुसणाऱ्याच्या विरुद्ध आहे. शिक्षाही फार नाही: बाजूला होऊन दोन गिरक्या घ्यायच्या, प्रत्येक गिरकीत एक टॅक, एक जाइब (वाऱ्याकडे पाठ ठेवून वळणं). पण शुक्रवारची संध्याकाळ आहे म्हणून कोणी काही बोलत नाही. घुसणाऱ्याला काय शिकायला मिळालं? की असं केलं की चार बोटी मागे पडतात. पुढच्या वेळी तो तेच करणार. त्याच्या बोटीवरचा नवखाही तेच शिकणार, आणि पुढे एखाद्या मोठ्या शर्यतीत कोणाचं तरी फायबरग्लास फोडून घेणार.

सुनावणी लावा, वकिली करा, असं मी म्हणत नाही. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या २०२५ ते २०२८ च्या नियमपुस्तिकेच्या आरंभीच लिहिलंय की नियम मोडलेल्या बोटीनं आपणहून शिक्षा घ्यायची. पोलीस नाही, पंच नाही. खेळ या भरवशावर चालतो. दहाव्यापासून अठराव्यापर्यंतचे नियम एका संध्याकाळी वाचून होतात. पुस्तक घरी ठेवायचंच असेल तर निदान वाचून तरी ठेवा.

शिवाय काही चुका करून शिकण्याच्या नसतातच. ऑकलंड बंदराकडे निघालेलं कंटेनरचं जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, थांबू शकतही नाही. उन्हाळ्यातही इथलं पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ही बाब आधीच ठाऊक असलेली बरी.

"मागे पडलात तर उलट्या बाजूला जा"

हरण्यासारखं काही नाही हे खरं, पण शिकण्यासारखंही काही नाही. वारा एकदा तुमच्या बाजूनं फिरतो, तुम्ही आठ बोटी गाठता, आणि ती संध्याकाळ जन्मभर लक्षात राहते. बाकीच्या वेळी शेवटून पहिले आलात ते विसरून जाता. लॉटरीवाल्याची स्मरणशक्ती अशीच असते. भरतीत तर हा जुगारसुद्धा उरत नाही. सगळा ताफा सिटीफ्रंटवरच्या क्रिसी फील्डच्या किनाऱ्याला चिकटून छोटे-छोटे टॅक मारतो तो तिथल्या उथळ पाण्यात प्रवाह मंद असतो म्हणून. तुम्ही एकटे मध्यभागी गेलात तर ते धाडस नव्हे, भर प्रवाहात उभं राहणं झालं. मागे पडल्यावर करण्यासारखं दुसरं आहे: पुढची बोट कुठे टॅक मारते, तेव्हा आपल्या तुलनेत ती वर जाते की खाली, हे बघत राहा. शेवटच्या बोटीला सगळ्यांचे प्रयोग फुकट बघायला मिळतात.

"दर आठवड्याला वेगळं काम करा"

नको. या आठवड्यात पुढच्या डेकवर स्पिनेकर (फुग्यासारखं मोठं शीड), पुढच्या आठवड्यात मेनशीट (मुख्य शिडाची दोरी), त्यापुढे सुकाणू, असं फिरत राहिलं की प्रत्येक कामातली पहिलीच चूक पुन्हा-पुन्हा होते. दुसऱ्या पायरीची चूक करायची पाळीच येत नाही. डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमनं १९४८ ते १९६० या काळात लागोपाठ चार ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. त्यानं घरी बाक बनवून त्यावर बोटीबाहेर झुकायचा सराव केला होता. एकच गोष्ट, पुन्हा-पुन्हा, शर्यतीच्या गोंधळापासून दूर. निदान एक हंगाम एका जागी राहा.

"खरं शिक्षण बारमध्ये"

बारमध्ये जावं, जरूर जावं. पण तोवर प्रत्येकाच्या डोक्यात शर्यतीची स्वतःला सोयीची आवृत्ती तयार झालेली असते, आणि ती सर्वांत मोठ्यानं सांगतो तो कप्तान. नवख्यानं काही पाहिलेलं असलं तरी तो बोलत नाही. त्यात निकाल हॅंडिकॅपचा, म्हणजे प्रत्येक बोटीच्या वेगाचा अंदाज (रेटिंग) धरून वेळ कमी-जास्त करून लावलेला. दोन बोटींच्या रेटिंगमध्ये मैलाला ३० सेकंदांचा फरक असेल तर पाच मैलांत अडीच मिनिटं कागदावर इकडची तिकडे होतात. आपण चांगले चाललो की वाईट, हे नुसत्या क्रमांकावरून कसं कळणार?

म्हणून बोलायचं ते धक्क्याकडे परतताना, शिडं घडी व्हायच्या आधी, आणि सुरुवात सर्वांत नव्या माणसानं करायची. कप्तान शेवटी. कोणीतरी वहीत लिहून घ्यायचं: पाणी कुठल्या दिशेला होतं, रेषेवर किती सेकंद उशिरा किंवा लवकर, पहिल्या टप्प्यात कुठली बाजू धरली. फोनमधला जीपीएसचा माग त्याच्याशेजारी ठेवायचा. पुढच्या हंगामात वही उघडताना भरतीचे शुक्रवार वेगळे आणि ओहोटीचे वेगळे वाचायचे, एकत्र नाही.