एमसीबी आहे, फटाके नाहीत, मग घराला आग लागणारच नाही?

दिवाळी जवळ आली की सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: आग फटाक्यांमुळे लागते, घरात फटाके नसतील आणि एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारं बटण) बसवलेला असेल तर निर्धास्त राहा, तरीही कढई पेटली तर पाणी मारा, सिलिंडर पेटला तर ओढत बाहेर न्या, भाजलं तर टूथपेस्ट लावा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यातला एकही सल्ला तसाच्या तसा पाळू नका.

आधी फटाक्यांचं. १८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना पेटला आणि ८ जीव गेले, तेव्हा दिवाळी नव्हती. तिथेच राहणारं कुटुंबही त्यात गेलं. आपल्या पूर्व भागात माग आणि संसार एकाच छपराखाली असलेली घरं आहेत. सुताची धूळ वायरींवर, पंख्यावर, बोर्डावर साचते आणि त्याच घरात पणत्यांची रांग लागते. दिवाळीची झाडलोट करताना बोर्डामागची धूळ आधी काढा. लक्ष्मीपूजनाला घरातला दिवा तेवत ठेवून सगळे चाटी गल्लीत, नव्या पेठेत दुकानाच्या पूजेला जातात, याची मला जास्त भीती वाटते. दिवा विझू नये ही श्रद्धा मोडायला नको. तो पाणी घातलेल्या परातीत, पडद्यापासून लांब ठेवा आणि एक मोठं माणूस घरी थांबू द्या.

एमसीबीबद्दलचा समज सगळ्यांत घातक, कारण त्याने माणूस गाफील होतो. खरं शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी क्षणात पडतो, हे खरं. पण तो भिंतीतल्या वायरच्या मापाने बसवलेला असतो. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून कमी करंटवर पडत नाही. दिव्यांच्या माळेची बारीक वायर त्याच्या कितीतरी आधी तापून वितळू शकते. आणि सैल जोड? टेप गुंडाळलेला सांधा, ढिला प्लग, यात करंट वाढतच नाही. एमसीबीला काही कळत नाही, सांधा मात्र तापत राहतो आणि शेवटी प्लास्टिक पेट घेतं. आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारं बटण, गळका करंट पकडतो, सैल जोड त्यालाही दिसत नाही. म्हणून माळ लावल्यावर तासाभराने प्लगपाशी हात नेऊन पाहा. गरम लागला किंवा जळका वास आला तर बोर्डाचं बटण बंद करून माळ काढा. झोपताना माळा आणि आकाशकंदील बंदच. कागदी कंदिलात जुना पिवळा बल्ब तर नकोच, त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते.

पेटलेल्या कढईत पाणी कधीही टाकू नका. चकली तळताना तेल १८० अंशांच्या आसपास असतं, पेटलेलं तेल त्याच्या कितीतरी वर. पाणी तेलापेक्षा जड असल्याने खाली जातं, तिथे त्याची वाफ होते आणि ती सुमारे १,६०० पट जागा मागते. त्या धडाक्याने पेटतं तेल छतापर्यंत उसळतं, आणि समोर फराळ करणारी बाई उभी असते. तेलातून धूर यायला लागला की गॅस लगेच बंद करा. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण किंवा परात कडेने सरकवत कढईवर ठेवा आणि तेल पुरतं गार होईपर्यंत उघडू नका. कढई उचलून मोरीकडे धावू नका. पीठही टाकू नका, ते स्वतः जळतं. झाकण नसेल तर सुती चादर ओली करून घट्ट पिळून टाका. निथळती चादर म्हणजे पुन्हा पाणीच.

पेटलेला सिलिंडर ओढू नका. ज्योत लहान असेल आणि हात सुरक्षित पोचत असेल तरच ओल्या जाड कापडाने रेग्युलेटर बंद करा. नाहीतर सगळ्यांना बाहेर काढून १०१ ला फोन करा. नुसता गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडा, कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला कळवा.

राहिली टूथपेस्ट. ती उष्णता आतच कोंडते आणि डॉक्टरांना जखम साफ करणं अवघड होतं. बर्फही नको. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं गार पाणी सोडायचं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा वाहता नळ मिळेलच असं नाही. फराळाच्या दिवशी पिंपातलं पाणी संपवू नका. दोन बादल्या भरून, तांब्यासकट, स्वयंपाकघराबाहेर ठेवा.