सोनीवाल्यांनो, हातातलं सोडून कुठे पळताय?

प्लेस्टेशनच्या टॉपला बसलेली माणसं स्वतःचे गेम खेळतात का हो? डिसिजन बघून तर अजिबात वाटत नाही.

२०२२ मध्ये प्लेस्टेशनचे तेव्हाचे बॉस जिम रायन साहेबांच्या काळात ठरलं की मार्च २०२६ पर्यंत दहाच्या वर लाईव्ह सर्व्हिस गेम, म्हणजे कधीच न संपणारे, सतत ऑनलाईन चालणारे गेम काढायचे. दहा! अरे पण खेळणार कोण? आमच्यासारखा माणूस रात्री कल्याण फास्टमध्ये चेपून घरी येतो, जेवतो, तासभर कंट्रोलर हातात मिळाला तरी नशीब, त्यात रोज लॉगिन करा, डेली मिशन करा, बॅटल पास (पैसे भरून गेममधली बक्षिसं उघडायचा पास) घ्या, ही दुसरी नोकरीच झाली ना, आणि पगार पण आपणच द्यायचा.

मग आला सोनीचा ऑनलाईन शूटर गेम, कॉनकॉर्ड. २३ ऑगस्ट २०२४ ला रिलीज, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद. ज्या टाईपचे गेम लोक फुकटात खेळतात त्याला ४० डॉलर लावले, आणि वर आश्चर्य की कोणी आलं नाही! ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा स्टुडिओच बंद केला. म्हणजे प्लॅन वरच्यांचा आणि घरी कोण गेलं, तर रात्र रात्र बसून काम करणारे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ९०० लोकांना काढायचं जाहीर केलं होतं, सोनीच्याच लंडन स्टुडिओला टाळं, आणि रायन साहेब मार्चमध्ये आरामात रिटायर.

पण खरी तिडीक कुठे जाते माहितीये? ज्या दिवशी कॉनकॉर्ड बंद पडला त्याच दिवशी, ६ सप्टेंबरलाच, सोनीचाच ॲस्ट्रो बॉट रिलीज झाला. साठेक माणसांची टीम, सिंगल प्लेयर, ना बॅटल पास ना काही, आणि डिसेंबरमध्ये गेम ऑफ द इयर घेऊन गेला. ही टीम कुठली, तर ज्या जपान स्टुडिओला सोनीने २०२१ मध्ये गुंडाळलं त्यातलीच उरलेली. गेममध्ये एप एस्केप, ग्रॅव्हिटी रश, इको अशा सोनीच्या जुन्या गेम्स सगळ्यांची कॅरेक्टर्स नाचतायत. मी ते बघून आधी खूश झालो आणि मग सटकलीच, च्यायला हे सगळे गेम तुम्हीच बंद करून ठेवलेत आणि आता त्यांचेच बाहुले दाखवून आम्हाला इमोशनल करताय!

सोनीच्या ब्लूपॉईंट स्टुडिओचं तर बोलूच नका. डेमन्स सोल्स ह्या जुन्या गेमचा एवढा कडक रिमेक केलेली माणसं, त्यांना लाईव्ह सर्व्हिसला जुंपलं आणि जानेवारी २०२५ मध्ये तो प्रोजेक्ट पण कॅन्सल. दादरला ज्या खानावळीत सुरमई थाळीसाठी लाईन लागते तिच्या मालकाला बोलावून सांगायचं की उद्यापासून सॅलड विक, तसलं हे डोकं. वर्षं गेली ना यार त्या लोकांची.

आणि भारताचं तर काय सांगू. पीएस फाईव्ह जगात नोव्हेंबर २०२० ला आला, आपल्याकडे फेब्रुवारी २०२१. ४९,९९० चा डिस्कवाला २०२२ मध्ये ५४,९९० झाला. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, आता उलटं. पीएस फाईव्ह प्रो आला तेव्हा भारताचं नाव यादीतूनच गायब, कारण वायफायचा सहा गिगाहर्ट्झ बँड आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता, बरं तो दोष आपल्या सरकारचा धरू, पण तेव्हाच्या ७०० डॉलरच्या मशीनमध्ये डिस्क ड्राईव्ह नाही हा कोणाचा? लॅमिंग्टन रोडला जुनी डिस्क देऊन वर थोडे पैसे टाकून दुसरी घ्यायची, अर्ध्या मुंबईचं गेमिंग ह्याच्यावर चालतं. पाच हजाराचा डिजिटल गेम संपल्यावर कोणाला विकू, शेजारच्या काकांना?

प्लेस्टेशन प्लसचं, म्हणजे ऑनलाईन खेळायच्या मेंबरशिपचं, ऑटो-रिन्यू आत्ताच बंद केलंय. फिफाची गँग ग्रुपवर बोंबलतेय, बोंबलू देत.